नमुन्याच्या बाटलीवर सही कोणाची?

पर्यावरण अभियंत्यांच्या सरकारी भरतीची जाहिरात निघाली की मला फोन सुरू होतात. ताई, पेपर कसा असतो, कोणतं पुस्तक वाचू, मुलाखतीत काय विचारतात. निवृत्त झाल्यापासून वेळ आहे, त्यामुळे सांगत बसते. पण पुस्तकाच्या आधी मी जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावते, कारण बऱ्याच जणांचं वर्ष तिथेच फुकट जातं.

पदाचं नाव जागोजागी बदलतं. राज्यांच्या प्रदूषण मंडळांत कुठे क्षेत्र अधिकारी, कुठे सहायक पर्यावरण अभियंता. केंद्रीय मंडळात शास्त्रज्ञ ‘ब’. महापालिकेत मलनिस्सारण खात्यातला अभियंता याच्याच जवळचं काम करतो. पात्रतेचंही तसंच. कुठे स्थापत्य, रसायन किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवीच लागते, कुठे विज्ञानातली पदव्युत्तर पदवीही चालते. आमच्या नात्यातली एक मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली. परीक्षेत गुण उत्तम, आणि कागदपत्र पडताळणीत बाहेर. मागितली होती अभियांत्रिकीची पदवी. ऑनलाइन अर्जाने मात्र तिला कुठेच अडवलं नव्हतं. अर्ज घेतला म्हणजे पात्रता मानली असं नाही. ‘समकक्ष’ पदवीच्या जोरावर अर्ज करणार असाल तर समकक्षतेचा कागद आधी मिळवा. पदवीचा निकाल आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा जाहिरातीतल्या तारखेशी ताडून बघा. बाकी अभ्यासक्रमाची चर्चा करायला तुम्हाला क्लासवाले भेटतीलच.

मला बोलायचं आहे ते रुजू झाल्यानंतरच्या कामाबद्दल. मुलं येतात ती एरेशन टँकचं आकारमान काढायला शिकून. इथे टाकी कोणीतरी आधीच बांधलेली असते. ती चालत नाही हे तुम्हाला सिद्ध करायचं असतं, आणि तेही न्यायालयात टिकेल असं.

नोकरीच्या सुरुवातीलाच एका कारखान्याचं जुनं प्रकरण माझ्याकडे आलं. नमुना माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी घेतलेला. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. इथला आकडा त्याच्या कितीतरी पट. प्रयोगशाळेचा अहवाल बिनचूक. मी निर्धास्त होते. बचावाच्या वकिलांनी बीओडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. नमुना तपासणीला पाठवणार असल्याची नोटीस कुठे आहे? दोन भाग कोणासमोर केले? लेबलवर कारखान्यातर्फे सही कोणाची? फाइलमध्ये नोटीस नव्हती आणि लेबलवर सही एकच. प्रकरण तिथेच आटोपलं.

१९७४च्या जल प्रदूषण कायद्याचं कलम २१ मी त्या आठवड्यात पाठ केलं. जागेवरच नोटीस द्यायची. कारखानदार किंवा त्याच्या प्रतिनिधीसमोर नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही बाटल्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या. एक बाटली ताबडतोब मंडळाच्या प्रयोगशाळेत. त्यांनी मागणी केली तर दुसरी सरकारने ठरवलेल्या प्रयोगशाळेत. हे पाळलं नाही तर विश्लेषण पुरावा म्हणून ग्राह्यच धरत नाहीत, असं कलमातच लिहिलेलं आहे. व्यवस्थापक मुद्दाम गायब झाला तर? त्याचीही सोय आहे: सील तुमच्या एकट्याच्या सहीने, आणि त्याच्या गैरहजेरीची लेखी कल्पना विश्लेषकाला. चिमणीतून नमुना घ्यायचा तर १९८१च्या वायू कायद्याचं कलम २६ जवळपास असंच आहे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत या दोन कलमांचं नाव कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

म्हणून शिकलेलं वाया जातं असं समजू नका. ते कामाला येतं, फक्त अनपेक्षित ठिकाणी. गेटवर “मॅडम, आधी चहा घ्या” होतं. त्या चहाच्या अर्ध्या तासात ब्लोअर सुरू होतात, टाकीवर फेस येतो, सगळं कसं छान. चहा नंतर. आधी कारखान्यामागच्या नाल्याकडून आत शिरा, मग आउटलेट, मग ईटीपी. लॉगबुक बघा, पण त्यावर विसंबू नका. उद्याच्या तारखेचे आकडे भरलेली लॉगबुकं मी पाहिली आहेत. विश्वास ठेवावा तो ईटीपीच्या वीजमीटरवर. २० अश्वशक्तीचा ब्लोअर पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर दिवसाला साडेतीनशेच्या वर युनिट जळतात, महिन्याला दहा हजारांहून अधिक. मीटरवर महिन्याचे दोन हजार दिसले की ब्लोअर दिवसाकाठी जेमतेम साडेचार तास चालला. चुना किती खरेदी केला आणि रासायनिक गाळ घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्रात किती पाठवला, हा ताळाही तसाच. गाळ निघालाच नाही तर पाणी स्वच्छ झालं कसं, एवढं विचारलं की समोरचा माणूस घाम पुसू लागतो.

अहवालात मात्र निष्कर्षाची घाई नको. ‘बायपास करतात’ असं लिहून मोकळं होऊ नये. किती वाजता, कोणत्या झडपेपाशी, पाइप कुठून निघून कुठे जातो, पाणी वाहत होतं का, सोबत कोण होतं, हे लिहावं. वकिलाला विशेषणं खोडता येतात. झडपेची जागा खोडणं अवघड असतं.

नदीत मासे मेल्याची तक्रार आली की आणखी कसोटी. पाण्यातला प्राणवायू बहुधा पहाटे सर्वांत कमी असतो. फोन येतो अकराला आणि तुम्ही पोहोचता दुपारी, तोवर उन्हात शेवाळाने प्राणवायू पुन्हा वाढवलेला. शिवाय विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना काठावरच रसायनं घालून स्थिर करावा लागतो. नुसती बाटली भरून जीपमध्ये टाकली तर आकड्याला अर्थ उरत नाही. तेल-ग्रीसला काचेची बाटली, सीओडीला आम्ल, बीओडीला फक्त बर्फ. बीओडीच्या बाटलीत आम्ल पडलं की नमुना गेला. त्यातून बीओडीची चाचणी तीन दिवसांची, २७ अंशांवर. शनिवार-रविवार आड येतो हे नाल्यात सोडणाऱ्यांनाही पक्कं ठाऊक असतं. माझ्या अनुभवात शुक्रवारची रात्र नाल्यासाठी वाईटच.

जाहिरातीत न लिहिलेल्या पात्रताही आहेत. चिमणीचा नमुना खालून घेता येत नाही. तीस मीटरच्या चिमणीवर शिडीने जावं लागतं, उपकरणं घेऊन. चढण्याआधी कठडा हलवून बघा. गंजलेला असेल तर चढायचं नाही, तसं अहवालात लिहायचं आणि दुरुस्तीची नोटीस द्यायची. बंद टाकीत किंवा मॅनहोलमध्ये डोकावू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं समजणारे लोक जिवाला मुकतात.

आणि अधिकार. नव्या माणसाला वाटतं आपण कारखाना बंद करू शकतो. क्षेत्रावरचा अधिकारी पाहणी करतो, नमुना घेतो, शिफारस करतो. बंदीचे, वीज-पाणी तोडण्याचे निर्देश जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली मंडळाच्या नावाने निघतात, बहुतेक वेळा आधी कारणे दाखवा नोटीस देऊन. गावकरी जीपला गराडा घालतात, “आत्ताच्या आत्ता टाळं लावा.” त्याच गर्दीत कारखान्यात कामाला जाणारेही असतात. शब्द देऊ नका. तक्रार लेखी घ्या, आवक क्रमांक घालून तारखेची पोच द्या आणि हरित लवादाबद्दल कोणी विचारलंच तर सांगून टाका, की पुण्यात त्याचं खंडपीठ आहे आणि कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. वरिष्ठांना हे आवडेलच असं नाही.