कृत्तिकांतील जोडतारे : आकाशदर्शनाचा एक पाठ

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीस यात्रा भरते. त्या दिवसांत अंधार पडताच कृत्तिकांचा पुंजका पश्चिमेस कललेला दिसतो. मार्गशीर्षात तोच पुंजका रात्री जवळजवळ डोक्यावर येतो. मुलांस तो मोजावयास सांगितल्यास बहुतेकांचे उत्तर ‘सहा’ असे येते. हे उत्तर डोळ्यांच्या दृष्टीने बरोबर, परंतु वस्तुस्थितीच्या दृष्टीने फार अपुरे आहे. ते का, हे विद्यार्थ्यांस उमजावे, हा या पाठाचा हेतू होय.

कृत्तिका हा खुला तारकागुच्छ आहे. एकाच वायुमेघातून सुमारे १० ते १२ कोटी वर्षांपूर्वी जन्मलेले हजाराहून अधिक तारे त्यात असून तो आपणांपासून सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर आहे. इतके तेजस्वी तारे योगायोगाने एके ठिकाणी दिसणे जवळजवळ अशक्य आहे, असे जॉन मिचेल या इंग्रज विद्वानाने १७६७ मध्ये गणिताने दाखविले. त्याच युक्तिवादाने, आकाशात अगदी लगत दिसणाऱ्या ताऱ्यांच्या कित्येक जोड्याही खऱ्याच असाव्यात, असे त्याने प्रतिपादिले. पुढे १८०३ मध्ये विल्यम हर्शेल याने असे तारे एकमेकांभोवती फिरतात हे वेधांनी सिद्ध केले. अशा जोडीस जोडतारा म्हणतात.

पुष्कळ जोड्या दुर्बिणीतूनही वेगळ्या दिसत नाहीत. त्या ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. फिरणारा तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस व दूर जाताना तांबड्या बाजूस सरकतात, हा पहिला. त्याच रंगाच्या एकट्या ताऱ्याहून तो अधिक तेजस्वी भरतो, हा दुसरा.

पहिल्या मार्गाने कृत्तिकांतील ३७७ ताऱ्यांचे वेध १९८१ ते २०२१ पर्यंत घेण्यात आले. सुमारे २७ वर्षांच्या आत एक फेरी पूर्ण करणाऱ्या जोड्याच शेकडा २५ भरल्या. इतर मार्गांनी ज्ञात झालेल्या जोड्या मिळविता हे प्रमाण शेकडा ५७ किंवा अधिक ठरले. दुसऱ्या मार्गाने विक्रांत जाधव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ तारकागुच्छ तपासले. त्यांचा २०२१ मधील निष्कर्ष शेकडा १२ ते ३८ असा आहे. हे आकडे परस्परविरोधी नाहीत. दुसऱ्या मोजणीत, लहान तारा मोठ्याच्या वजनाच्या निदान सहा-दशांश असेल तरच ती जोडी धरली आहे. कोणताही आकडा सांगताना मोजणीची अटही सांगावी, हा धडा येथे सहज देता येतो.

प्रयोग. दोन सारख्या विजेऱ्या चार बोटांच्या अंतराने धरून एका विद्यार्थ्यास काळोख्या रात्री माळावर उभे करावे. इतरांनी मोठ्यांसमवेत तीन-चारशे पावले दूर जाऊन पाहावे. दिवा एकच भासेल. मग एक विजेरी विझवावी. प्रकाश नाहीसा न होता मंद होईल, त्यावरून दिवे दोन होते हे मुले स्वतःच सांगतील.

उदाहरण. १०० ठिपक्यांपैकी ५७ जोडतारे असल्यास एकूण तारे निदान किती? (उत्तर : १५७. काही ठिकाणी तीन तारे असल्यास संख्या याहून वाढेल.)

जोडी ओळखण्याचे महत्त्व केवळ संख्येपुरते नाही. ताऱ्याचे वजन काढण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच्या सोबत्याचे भ्रमण होय. उलट, जोडीस एकच तारा समजल्यास सबंध गुच्छाचे वजन चुकते. यास्तव, ‘गुरुजी, कृत्तिका किती?’ असे मुलाने विचारल्यास एक आकडा सांगून थांबू नये. डोळ्यांस सहा, दुर्बिणीस शेकडो, आणि त्या शेकड्यांतही निम्म्याहून अधिक ठिकाणी एकाच्या जागी दोन, असे क्रमाने सांगावे. दिसते ते खरे, पण तेवढेच खरे नव्हे, ही जाणीव मुलांस झाली म्हणजे पाठाचे सार्थक झाले.