जोडवर्गाचा शिक्षक आणि संगणकाचा प्रोसेसर

सालेकसा-देवरीकडील जंगलपट्ट्यातील लहान शाळांत एकाच शिक्षकाने दोन इयत्ता सांभाळणे नवे नाही. एक इयत्ता उदाहरणे सोडवीत असता शिक्षक दुसरीस वाचनपाठ देतो. वेळ वाया जात नाही. परंतु त्यामुळे शाळेत दोन शिक्षक झाले असे कोणी हजेरीपत्रकात लिहीत नाही. शाळेच्या संगणकाविषयी मात्र असा गैरसमज सहज होतो.

प्रोसेसर हा संगणकातील गणना करणारा भाग होय. स्मृतीतून माहिती येईपर्यंत त्याचा पुष्कळ वेळ वाट पाहण्यात जातो. तो वेळ दुसऱ्या कामास लावण्याची युक्ती इंटेल कंपनीने ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने २००२ साली प्रथम झिऑन व नंतर पेंटियम ४ या प्रोसेसरांत आणली. एक गाभा, म्हणजे कोअर, दोन असल्यासारखा दिसू लागला. काम मात्र दुप्पट झाले नाही. कंपनीचा स्वतःचा दावाही ३० टक्क्यांपर्यंतचाच होता.

ही सोय केवळ प्रोसेसरात असून भागत नाही. मदरबोर्डवरील चिपसेट व बायोस यांची तिला साथ हवी आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ती ओळखता यावी. विंडोज ९८ ला एकाहून अधिक प्रोसेसर वापरताच येत नसत. विंडोज २००० चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. दिसणाऱ्या प्रोसेसरांपैकी कोणते दोन एकाच प्रोसेसरातील आहेत, हे तिला उमगत नसे. त्यामुळे दोन प्रोसेसरांच्या यंत्रातही दोन्ही कामे एकाकडे जाऊन दुसरा रिकामा राहू शके. द्विशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकांनी दोन्ही वर्ग एकाच गुरुजींकडे द्यावेत, तसे! २००१ च्या विंडोज एक्सपीस हा भेद कळू लागला.

आजच्या विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. तेथे परफॉर्मन्स या भागात सीपीयू निवडावे व ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ हे दोन्ही आकडे पाहावेत. २०११ च्या आय३-२१०० मध्ये ते २ व ४ असतात. त्याच वर्षीच्या आय५-२४०० मध्ये ४ व ४. शेवटचा आकडा सारखा असला तरी दुसऱ्याजवळ चार खरे गाभे आहेत, व हायपर-थ्रेडिंग मुळीच नाही. जुने यंत्र दान घेताना वा निर्लेखनासाठी निवडताना हा फरक पैशांचा ठरतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान दोन गाभ्यांचा, कंपनीच्या मान्य यादीतील ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी स्मृती व टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. हायपर-थ्रेडिंगची अट त्यात नाही. वरील दोन्ही प्रोसेसर मान्य यादीत बसत नाहीत. तथापि तेवढ्यावरून यंत्र भंगारात काढू नये. सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली मराठीतही वापरता येते. आधी शाळेच्या नोंदींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी, मग ती पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी.