वसंतातील परसबाग व पाण्याचा काटकसरीने वापर
पार्से व पेडणे तालुक्यातील इतर गावी फाल्गुन-चैत्रात विहिरींचे पाणी खालावते. परसातील वाफे ओस पडतात व कुटुंबास बेळगावहून येणाऱ्या भाजीवर अवलंबून राहावे लागते. वास्तविक तांबडी भाजी, भेंडी व चवळी ही पिके या दिवसांत थोड्या पाण्यावरही घेता येतात. जांभ्या जमिनीत ओलावा टिकत नाही. म्हणून वाफ्यात कुजलेले शेणखत मिसळावे, रोपांभोवती पाचोळा पसरावा व सायंकाळी बुंध्याशीच पाणी द्यावे. तांदूळ व भाज्या धुतलेले पाणीही परसात वळवावे. तांबडी भाजी सुमारे महिन्याभरात काढणीस येते. सर्व वाफे एकाच वेळी न पेरता १५ दिवसांच्या अंतराने पेरावेत, म्हणजे पावसाळ्यापर्यंत मुलाबाळांना घरची ताजी भाजी मिळत राहील. काही जोमदार झाडे बियाण्यासाठी अवश्य राखावीत.