हलाल अन्नाचा शोध : कुर्ला ते घाटकोपर

मराठीत ‘हराम’ हा शब्द शिवीपुरता उरला आणि ‘हलाल’ निमकहलालापुरता. मूळ अरबी अर्थ साधा आहे. धर्माने विहित ते हलाल, निषिद्ध ते हराम. मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस व मद्य ही वर्ज्य होत. मांसासाठी जनावर जिवंत असावे लागते. अल्लाचे नाव घेऊन, धारदार सुरीने श्वासनलिका, अन्ननलिका व मानेच्या रक्तवाहिन्या कापून रक्त वाहू दिले जाते. एका घावात मान तोडणे तो झटका.

खेड्यात हे काम मुलाण्याकडे असे. पुष्कळ गावांत जत्रेचा बोकड हिंदूचा असला तरी सुरी मुलाण्याची असे व त्याबद्दल त्याला वाटा मिळे. हात ओळखीचा असल्याने कोणी काही विचारीत नसे. उपनगरात तो हात दिसत नाही, ताट तेवढे पुढे येते. खरी अडचण येथे आहे.

कुर्ला पश्चिमेस स्टेशनाबाहेर ती फारशी जाणवत नाही. पिंजऱ्यातली कोंबडी समोर कापून देणारे दुकान असले म्हणजे दुसरा पुरावा नको. मासळीला तर सुरीचा प्रश्नच नाही. मात्र कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांना खेकडा चालतो. हनफींना तो चालत नाही व कोळंबीबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत. (कुर्ला हे नाव कुर्लीवरून पडले असे म्हणतात!)

विद्याविहार ओलांडून घाटकोपरला आले की गुजराती व जैन वस्ती लागते. येथे हलाल मिळणे कठीण असे वाटेल. पण डाळ, भात, डोसा, मिसळ हे सारे हलालच आहे. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका जैन शेजाऱ्याइतकाच मुसलमानाच्याही कामी येतो, कारण तेथे जिलेटिन वा चरबी नसते. दारूविषयी मात्र तो ठिपका काही सांगत नाही. बिनअंड्याच्या केकमध्ये रम असली तरी तो हिरवाच राहतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात हलाल-प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी आली, निर्यात तेवढी वगळली. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका मांसाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघाले. स्वयंपाकघरातला प्रश्न असा चव्हाट्यावर आला. ‘जैन पावभाजी’ हॉटेलच्या कार्डावर छापलेली असते, तेथे कांदा-लसूण आहे का हे कोणीही मोठ्याने विचारतो. हलाल आहे का, हे विचारताना मात्र आमची मुले आवाज खाली आणतात. दोन्ही प्रश्न खाणाऱ्याचेच असताना हा फरक का पडावा, हे मला उमगत नाही.

नव्याने खोली घेतलेल्या विद्यार्थ्यास एक सांगावेसे वाटते. ‘हलाल आहे का?’ असे विचारू नये, उत्तर ‘हो’ असेच येते. कोंबडी कोणाकडून येते ते विचारावे, आणि भजी कोणत्या कढईत तळतात तेही. दुकानाचे नाव कळले की एकदा सकाळी तेथे जाऊन उभे राहावे.