बटण तुम्ही दाबू नका

पालकहो,

परवा पालकसभेत एका बाबांनी विचारलं, "बाई, पोरांना अजून धड उजवं-डावं कळत नाही आणि तुम्ही रोबो कसले शिकवताय?" प्रश्न रास्त होता. म्हणूनच म्हटलं, जरा निवांत बोलू या.

पहिलीच्या वर्गात आमच्याकडे बी-बॉट आहे. पिवळ्या-काळ्या रंगाची, चाकांवर चालणारी मधमाशी. स्क्रीन नाही, पाठीवर फक्त सात बटणं: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, थोडं थांब, आधीचं पूस आणि मधलं हिरवं 'गो'. सगळ्या सूचना आधी क्रमाने द्यायच्या, मग 'गो'. पुढे-मागेच्या एका सूचनेला माशी 15 सेंटिमीटर सरकते, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढी.

एका मुलीला ती चौकटींच्या चटईवरून फुलापर्यंत न्यायची होती. तिने दाबलं: पुढे, पुढे, उजवीकडे, गो. माशी दोन घरं गेली, जागच्या जागी वळली आणि थांबली. "बाई, ही बिघडली!" मी गप्प. तिने पुन्हा बटणं दाबली, तर माशी भलतीकडेच निघाली. आधीच्या सूचना पुसायच्या राहिल्या होत्या. मग ती उठली, माशीच्या मागे उभी राहिली आणि स्वतःच चालून पाहिलं. दोन पावलं, वळण... "अय्या, मी नुसतीच वळले! पुढे कुठे गेले?" सगळं पुसून तिने त्याच सूचना पुन्हा दिल्या आणि शेवटी आणखी एक 'पुढे' दाबलं, मग 'गो'. माशी फुलावर!

संगणकीय विचार म्हणतात तो हाच. कामाचे तुकडे पाडायचे, ते क्रमाने लावायचे, फसलं तर कुठे फसलं ते शोधायचं. कल्पना जुनीच आहे. 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासवही आलं. अडलं की मुलानं स्वतःच कासव होऊन चालून बघायचं, हे पॅपर्ट यांचं सांगणं. आमच्या मुलीला ते कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं.

आणि उजवं-डावं? माशी समोरून येत असली की तिचं उजवं ते आपलं डावं. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायला मूल इथे शिकतं. म्हणजे बाबांनी काढलेली अडचण हाच आमचा धडा!

खरं सांगू? सुरुवातीला मीही घाई करायचे. मूल अडलं की माझं बोट बटणावर. माशी फुलावर पोचायची, मूल मात्र होतं तिथेच राहायचं.

घरी रोबो आणायची गरज नाही. फरशीच्या चौकटी आहेतच. तुम्ही माशी व्हा आणि मुलाला सांगा, "मला पाण्याच्या माठापर्यंत ने." 'तिकडे जा' चालणार नाही. किती फरश्या, कुठे वळायचं, सगळं आधी सांगायचं. सांगितलं तेवढंच करा, मनाने एक पाऊलही जास्त नको. कपाटाशी अडलात तर तिथेच उभे राहा, हवं तर हसा. वाट मात्र त्यालाच शोधू द्या.

तुमच्या मुलांच्या बाई