जॅक रसेल टेरियर : लहान देह, अखंड उद्योग

कुत्र्याच्या जातीचा स्वभाव तिच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या करवून घेतलेल्या कामातून घडत असतो. इंग्लंडमधील जॅक रसेल टेरियर ही जात याचे बोलके उदाहरण होय.

‘टेरियर’ हा शब्द भूमी या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. जमिनीतील बिळात शिरून शिकार हुडकणारा तो टेरियर. डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल (१७९५-१८८३) यांना कोल्ह्याच्या शिकारीचा विलक्षण नाद होता. ऑक्सफर्ड येथे विद्यार्थी असताना, १८१९ साली, त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. तिच्यापासून त्यांनी ही परंपरा वाढविली.

या कुत्र्याचे काम दुहेरी होते. घोडेस्वार शिकाऱ्यांच्या मागे दौडावयाचे आणि कोल्हा बिळात दडताच आत शिरून, भुंकून त्याला बाहेर काढावयाचे. सर्व शरीररचना या कामास अनुरूप आहे. उंची २५ ते ३० सेंटिमीटर आणि वजन पाच-सहा किलो. खांद्यामागे छाती माणसाच्या दोन्ही हातांच्या कवेत मावेल इतकीच; अन्यथा बिळात शिरणे अशक्य. रंग मुख्यतः पांढरा. त्यामुळे धावपळीत तो कोल्ह्याहून वेगळा ओळखू येतो. केस आखूड व गुळगुळीत किंवा राठ असतात.

इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने अशा शिकारीवर बंदी आली. परंतु कुत्र्याचा स्वभाव कायद्याने बदलत नाही. माती उकरणे, भुंकणे, लहान प्राण्यांचा पाठलाग करणे ही त्याची उपजत वृत्ती होय. चित्रपटांतील त्याच्या चातुर्यास भुलून अनेकजण तो घरी आणतात. मात्र दिवसभर साखळीने बांधल्यास तो सामानाची नासधूस करतो, आणि दोष त्याच्या माथी मारला जातो. पुढे असे कुत्रे टाकूनही दिले जातात.

म्हणून हा कुत्रा पाळू इच्छिणाऱ्याने प्रथम स्वतःजवळील वेळेचा विचार करावा. त्यास रोज भरपूर धावणे, खेळ व लहानपणापासून शिस्त हवी. कोंबड्या वा ससे असलेल्या घरी विशेष दक्षता घ्यावी. या जातीत डोळ्यातील भिंग सरकण्याचा आनुवंशिक विकार आढळतो; डोळा लाल वा धूसर दिसताच पशुवैद्याकडे न्यावे. पिसाळ रोगाची लस तर प्रत्येक कुत्र्यास नियमाने टोचून घेतलीच पाहिजे. तेरा-चौदा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जगणाऱ्या या प्राण्याची जबाबदारी तितक्याच वर्षांची असते.