परवलीचा शब्द : चिन्हे आणि लांबी

पूर्वी गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय रात्री आत प्रवेश मिळत नसे. संगणकाच्या बाबतीत हेच काम पासवर्ड करतो. ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, योजनांच्या निधीचा हिशेब आता संगणकावर ठेवला जातो. त्यामुळे हा शब्द फुटल्यास नुकसान एका कर्मचाऱ्याचे नव्हे, तर साऱ्या गावाचे होते.

चिन्हांचे गणित

इंग्रजी कळफलकावर २६ लहान व २६ मोठी अक्षरे, १० अंक आणि @, #, % यांसारखी ३२ विशेष चिन्हे, अशी एकूण ९४ चिन्हे असतात. केवळ लहान अक्षरांपासून आठ स्थानांचे सुमारे २०,८८३ कोटी शब्द बनतात. सर्व ९४ चिन्हे वापरल्यास ही संख्या सुमारे २९ हजार पटींनी वाढते. विशेष चिन्हांचा आग्रह धरला जातो, तो याच कारणाने.

तथापि, शब्द कोणत्याही क्रमाविना निवडला असेल तरच हे गणित खरे ठरते. प्रत्यक्षात गावाचे नाव, त्यापुढे @ आणि शेवटी १२३ अशीच रचना बहुधा केली जाते. ‘एस’ऐवजी $ किंवा ‘ओ’ऐवजी शून्य लिहिण्याची युक्तीही सर्वपरिचित आहे. चोराचा संगणक अशा रचना प्रथम तपासतो. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा त्यांपैकी ८६ टक्के फार आखूड, केवळ साध्या अक्षरांचे किंवा शब्दकोशात सापडणारे, म्हणजे सहज ओळखता येणारे निघाले.

लांबीचे महत्त्व

यादृच्छिक निवडलेली केवळ १५ लहान अक्षरे घेतली, तरी सर्व चिन्हांच्या आठ स्थानांपेक्षा सुमारे पावणेतीन लाख पट अधिक शब्द संभवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ साली विशेष चिन्हांची सक्ती करू नये असे सुचविले. २०२५ च्या सुधारित मार्गदर्शिकेत, जेथे पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तेथे किमान १५ अक्षरांची अट घातली.

कार्यालयातील दक्षता

परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र जोडावेत. प्रणालीने चिन्ह मागितल्यास ते शेवटी न टाकता मध्येच, अनपेक्षित जागी घालावे. एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरू नये. तो पडद्यावर चिकटवू नये, तसेच भ्रमणध्वनीवर आलेला एकवेळचा संकेतांक कोणासही सांगू नये. बदली झालेल्या कर्मचाऱ्याकडून कार्यभार घेताना दप्तर व किल्ल्या मोजून घेतल्या जातात. त्याच दिवशी त्याचे संगणकावरील खातेही बंद करण्यात यावे. नव्या कर्मचाऱ्यास स्वतंत्र खाते दिल्यास प्रत्येक नोंदीची जबाबदारी निश्चित राहते.